नकली चौकोन

१

“हातातली चीज हातातच ठेवावी, बेटी. घरच्या माणसाच्या हाती तर आजिबात देऊ न्हाई.”

सासूबाई, खुर्शिदबी, असं म्हणाल्या तेव्हा तहमीना शिरखुर्म्याच्या वाट्या विसळत होती. रमजान ईदचा दिवस. दारातून दिसणाऱ्या बाहेरच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ अजीम शिरूरहून आलेला, आणि तिचा नवा फोन त्याच्या हातात. कॅमेऱ्याचा, इंटरनेटवाला फोन. २००९ साली दौंडच्या त्या गल्लीत तसा दुसरा नव्हता. इम्तियाजनं तो पुण्याहून आणला होता, पण त्याच्या खाचाखोचा कळायच्या त्या एकट्या तहमीनाला.

नवऱ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ब्रेकची किटं यायची. त्यांच्या बॉक्सवर कंपनी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवत होती. त्यावर फोन धरला की पडद्यावर अक्षरं उमटत, माल कुठला आणि नंबर काय ते. उलटही करता येई. इंटरनेटवर एक जागा होती, तिथं शब्द लिहायचे की त्यांचा चौकोन तयार. तहमीनानं लेकीच्या नावाचा चौकोन केला होता, आणि दोन वर्षांची सबा तो बघून “मी, मी” करायची.

“आपा, आमच्या लाईनीला यासाठी केवढी मशीन हाय,” अजीम हसत होता. तो रांजणगावला त्याच कंपनीत पॅकिंगला होता. “तू तर घरातच कंपनी टाकली!”

सासूबाईंचा टोला माहेरच्या माणसाला आहे, असंच तहमीनाला वाटलं. “अम्मी, फोन हाय तो, सोन्याची पाटली न्हाई,” ती म्हणाली आणि वाट्या पालथ्या घातल्या. खुर्शिदबींनी हात पुसले आणि त्या निघून गेल्या. संध्याकाळी तहमीनानं हा किस्सा नवऱ्याला सांगितला. तोही हसला, जरा उशिरानं.

त्यानंतर ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, आणि एका सकाळी दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. पाय धुळीनं माखलेले, पदर कमरेला खोचलेला.

“इम्तियाज स्पेअरवाल्याचं घर ह्येच का?”

“हो. तुम्ही?”

“म्या वच्छलाबाई. बिरदेवची आई. शिटा भरून वडापची जीप चालीवतो त्यो बिरदेव.” तिनं पिशवीतून एक रिकामा बॉक्स काढला आणि तहमीनाच्या पायांवर भिरकावला. “ह्यो घ्या तुमचा चौकोन! चौकोन हाय म्हंजी माल अस्सल हाय, असं म्हनला व्हता तुझा मालक. पाटस रोडला ब्रेक दाबला तर पाय पार खाली. गाडी घुसली उसाच्या ट्रॉलीत. पोराच्या पायाची दोन भकलं झाली, आन् मागं बसल्याली मानसं दवाखान्यात कन्हत्यात. मेस्तरी म्हनला, आतलं रबर बोटानं चुरगळतंय.”

“मावशी, आत या, पाणी तरी…”

“तुझ्या घरचं पानी? ब्रेक बघून घिऊ दे आदी!”

म्हातारी गेली. तहमीनानं बॉक्स उचलला. सवयीनं तिनं फोन त्या चौकोनावर धरला. अक्षरं उमटली. ती वाचते तोवर तोच फोन वाजू लागला. पलीकडून इम्तियाज, आवाज दबलेला.

“दुकानात पोलीस आल्यात. माल उचलत्यात. आन् ऐक… अजीमलाबी उचललाय.”

२

सबाला कडेवर घेऊन ती दुकानात पोचली तेव्हा बाहेर बघ्यांची गर्दी जमली होती. ‘लालमहंमद ऑटो स्पेअर्स’ या पाटीखाली पोलिसांची जीप उभी. आत फौजदार आणि कंपनीचे देशमाने नावाचे साहेब. देशमान्यांच्या हातात पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. ते रॅकवरच्या एकेका बॉक्सवर धरत, टुक्क आवाज होई, आणि ते मान हलवत.

“सगळ्यांवर एकच नंबर,” ते फौजदारांना म्हणाले. “आमच्या प्रत्येक बॉक्सचा नंबर वेगळा असतो. हे स्टिकर नकली, आणि आतला माल त्याहून नकली.”

“माल आला कुठून?” फौजदारांनी विचारलं.

“साहेब, माझ्या मेहुण्यानं आणून दिला,” इम्तियाज म्हणाला. “तो कंपनीतच हाय. आपल्याला काय म्हाईत, आपण भरवशावर घेतला.”

तहमीना उंबऱ्यातच थबकली. इम्तियाजनं तिला पाहिलं, पण नजर दिली नाही. हात पुढं करून त्यानं सबाचं टोपडं नीट केलं.

एक शिपाई गल्ल्यावरच्या काचेच्या छोट्या कपाटाकडं वळला. आत हिरव्या कपड्यावर एक जुनाट बॉक्स ठेवलेला होता. दुकानातले जुने कामगार हौशीराम पटकन पुढं झाले. कवठे येमाईचे धनगर, डोक्याला टापशी गुंडाळलेली, सासऱ्यांच्या वेळेपासून इथंच.

“त्यो न्हाई साहेब, त्यो विकायचा न्हाई. मोठ्या शेठची बरकत हाय ती. एजन्सी मिळाली तवाचा पयला बॉक्स. दर जुमेरातीला, बेस्तरवारी, लोबानाचा धूर फिरतो त्याच्यावर.”

“राहू द्या,” फौजदार म्हणाले. देवाधर्माच्या वस्तूला हात लावायला कुणालाच नको असतं.

देशमाने बाहेर पडता पडता बोलले, “उद्या दुपारी लेखी तक्रार देतो. हे आमच्या आतल्याच माणसाचं काम. असे स्टिकर काढायची मशीन आमच्या लाईनीवरच असते.”

एकदा तक्रारीत नाव पडलं की अजीमला रांजणगावच्या कुठल्याच गेटातून कुणी आत घेणार नव्हतं. आणि बिरदेवच्या जीपमधलं कुणी दगावलं, तर पोरगा वर्षानुवर्षं आत.

“खरंच अजीमनं आणला माल?” गर्दी पांगल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं.

“मग काय मी खोटं बोलतोय?” इम्तियाज म्हणाला. “ईदेला तुझा फोन घेऊन काय करत व्हता तो? तूच शिकवलंस की त्याला चौकोन कसा बनवायचा.”

खुर्शिदबींचे शब्द कानात घुमायला लागले. घरच्या माणसाच्या हाती तर आजिबात देऊ न्हाई.

३

अजीम पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसला होता. अंगात कंपनीचा निळा शर्ट, एक बाही उसवलेली.

“तूच केलंस का?” तिनं आल्या आल्या विचारलं.

त्यानं सबाकडं बघून जीभ काढून तिला हसवलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, “मला वाटलं डबा घिऊन आलीस.”

“अजीम, मस्करीची वेळ हाय का ही?”

“मी दिवाळीपासनं दुकानात एक खोकं आणलेलं न्हाई, आपा. दुल्हाभाईच म्हनले, कंपनीनं पुरवठा बंद केलाय, दुकानातनं मालाची उचल कमी झाली म्हणून. मग मी काय आणणार?”

तहमीनानं पर्समधून वच्छलाबाईचा बॉक्स काढला. “यावर फोन धरला तर नंबराआधी इंग्रजी पी येतो. पी म्हणजे काय?”

“पी?” अजीम सरळ बसला. “पी आमचा न्हाईच. आमच्या लाईनीला आर पडतो, रांजणगावचा आर. पी पुण्याच्या जुन्या प्लांटचा. तो बंद झाला तवाच तर आमची भरती झाली. मी आजवर पीचा स्टिकर हातात धरलेला न्हाई.”

“फौजदारांना सांगितलंस?”

“सांगितलं. ते म्हणले, जुनी रिळं पडली असतील कुठंतरी कोपऱ्यात. आमच्या कंपनीत कोपरा दाखवा म्हणावं मला! झाडून पुसून रेषा मारल्यात सगळीकडं.” तो हसायला गेला, पण ओठ वाकडे झाले. “आपा, मला इथनं काढ. अम्माला कळायच्या आत काढ.”

ती उठली. दाराशी पोचली तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

“माल माझ्याकडनं आला असं कुणी सांगितलं पोलिसांना?”

तिनं मागं वळून बघितलं नाही. उत्तर दोघांनाही माहीत होतं. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि एकाबरोबर ती लहानाची मोठी झाली होती, तर दुसऱ्याच्या घरात तिचं लेकरू वाढत होतं.

४

देशमाने ठाण्याच्या व्हरांड्यात चहा घेत होते.

“साहेब, जुन्या पी नंबरचे बॉक्स अजून बाजारात असतील का?”

त्यांनी कप खाली ठेवला. “तुम्हाला पी कसा कळला?”

“वाचला. फोननं.” तिनं फोन पुढं केला. “मी बी.एस्सी. आहे. सध्या मूल सांभाळते.”

“पीचा माल आम्ही सगळ्या दुकानदारांकडून परत घेतला. बदल्यात आरचा दिला. स्टिकरची रिळं माझ्यासमोर जाळली.”

“सगळ्यांनी दिला परत?”

“द्यायलाच लागतो. नाही तर हिशेब बंद होत नाही.” त्यांनी कप परत उचलला. “एखाददुसरा कुठं राहिला असेल, तर सांगता येत नाही.”

“मग हा नंबर त्या राहिलेल्या बॉक्सचाच असणार. नुसत्या अंदाजानं एवढा अचूक नंबर कोण लिहील? बनवणाऱ्यानं एक खरा बॉक्स समोर ठेवून वाचला. या सगळ्या चौकोनांची आई कुठंतरी आहे, साहेब.”

देशमाने पहिल्यांदा नीट बसले. “झेरॉक्स मारली असेल त्याची.”

तहमीनानं वच्छलाबाईचा बॉक्स उन्हात धरला. कंपनीच्या चौकोनात ठिपके बारीक, दाट. या चौकोनात ते ठसठशीत होते, आणि भोवती रुंद पांढरी कड. झेरॉक्सनं ठिपक्यांची मांडणी बदलत नसते. मजकूर तोच ठेवून कुणीतरी चौकोन नव्यानं घडवला होता.

आणि ती रुंद पांढरी कड तिच्या ओळखीची होती. तसले ठसठशीत ठिपकेही. सबाच्या नावाचा चौकोन अगदी असाच दिसायचा.

“काय झालं मॅडम?”

“काही नाही,” ती म्हणाली. “उन्हानं डोळे दिपले.”

तो चौकोन तिच्याच फोनवरून, इंटरनेटवरच्या त्या जागी तयार झाला होता. हे देशमान्यांना आत्ता सांगितलं असतं, तर ईदेला फोन कुणाच्या हातात होता, हेच त्यांनी पहिलं विचारलं असतं.

५

दुपारी इम्तियाज वकिलाकडं गेला होता. दुकानात हौशीराम एकटेच, रिकामी रॅकं पुसत बसलेले.

“मामा, तो काचेतला बॉक्स कंपनीला परत दिला नव्हता ना?”

“कसा देनार वैनी? कंपनीचा मानूस आला व्हता मागायला. मोठं शेठ म्हनलं, बरकत परत देत न्हाईत, माझ्या नावावर टाका. त्यांच्या मागारी इम्तियाजभाईंनीबी हलीवला न्हाई.”

तहमीनानं सबाला खाली बसवलं आणि कपाटाची काच सरकवली.

“वैनी!” हौशीराम दचकले. “म्या कदी हात लावत न्हाई त्याला. इम्तियाजभाईच लोबान फिरीवत्यात.”

“मी घरचीच आहे, मामा.”

बॉक्सला लोबानाचा वास भरून राहिला होता. वर्षानुवर्षांच्या धुरानं चौकोन पिवळट पडला होता आणि त्याचा एक कोपरा झिजला होता. त्याची झेरॉक्स मारली असती तर नुसता काळा डाग आला असता. पण या चौकोनांची एक गंमत असते. थोडा भाग गेला तरी बाकीच्यावरून अक्षरं जुळतात. तिनं फोन स्थिर धरला. पडद्यावर पी आला, आणि मागोमाग नंबर.

वच्छलाबाईच्या बॉक्सवरचाच नंबर.

अजीम यातून सुटला. काचेतला बॉक्स दुकानाबाहेर कधी गेला नव्हता आणि तिचा फोन अजीमनं घरातच, तिच्यासमोर हाताळला होता. दोन्ही गोष्टी एका जागी आणल्या त्या माणसाचंच हे काम. म्हणजे फोन कधीतरी या दुकानात आला होता, तिच्याशिवाय.

“मामा, कंपनीचा माल बंद झाला तेव्हा रॅकवर काय होतं?”

“काय न्हाई. गिऱ्हाईक यायचं, चौकोनवाला हाय का म्हनायचं, आन् समोरच्या दुकानात जायचं. मग म्या गेलो गावी, भावकीत देवकार्य व्हतं. माघारी येऊन बघतो तर रॅक भरल्यालं. म्या म्हनलं, येमाई पावली!”

“गावी कधी गेला होतात?”

“सबाबाळ दवाखान्यात व्हतं बगा, तापानं. तवाच की. मला लई वंगाळ वाटलं, बाळाला बघाया आलो न्हाई म्हनून.”

तहमीनानं बॉक्स हिरव्या कपड्यावर परत ठेवला.

सबाला ताप चढला तेव्हा ती वॉर्डातून हलली नव्हती. लेकीचा हात हातात, पाण्याच्या पट्ट्या, सलाईनचे थेंब. इम्तियाज डबा घेऊन यायचा. एकदा तो म्हणाला, “इथला प्लग चालत न्हाई. दे, दुकानात चार्ज करून आणतो.” किती काळजी करतो, असं तिला त्या वेळी वाटलं होतं. बाजूच्या खाटेवरच्या बाईला तिनं तसं बोलूनही दाखवलं होतं.

विकत घेतल्यापासून फोन तिच्या नजरेआड गेला तो तेवढाच.

“वैनी, पानी देऊ का?”

बाहेर मोटारसायकल थांबली. इम्तियाज आत आला, आणि त्याची नजर सरळ उघड्या काचेवर गेली.

६

“धूळ पुसत होते,” तहमीना म्हणाली आणि काच लावली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच बाईचा वाटला. “बरं झालं आलात. देशमाने साहेब म्हणाले, चौकोन ज्या फोनात बनतो, त्याची खूण त्यात राहते. उद्या ते यंत्र आणणार आहेत. सगळ्यांचे फोन बघणार. आपलाही.”

असलं कुठलंही यंत्र नव्हतं. हे तिनं जागच्या जागी रचलं होतं.

“बघा म्हनावं माझाबी,” हौशीरामनी खिशातून आपला फोन काढला. “ह्याच्यात बॅटरीचा उजेड पडतो तेवढाच. खूण घावली तर मलाच दावा!”

“बघू दे की,” इम्तियाज म्हणाला आणि मघाशीच पुसलेलं रॅक परत पुसायला लागला.

घरी आल्यावर तिनं फोन रोजच्यासारखा खिडकीत ठेवला. सबाला खुर्शिदबींनी वर गच्चीत नेलं होतं. तहमीना मागच्या मोरीत कपडे धुवायला बसली. साबण लावलेला एकच सदरा ती पुन्हा पुन्हा घासत होती. मनात एकच घोकणं चाललं होतं. फोन तिथंच असू दे. मी खोटी पडू दे. मी जगातली सगळ्यात संशयखोर बायको ठरू दे.

“तहमीना! जरा इकडं ये!”

इम्तियाज स्वयंपाकघरात उभा होता. पाण्याच्या बादलीत फोन तळाशी गेलेला, पडदा काळा.

“सबानं टाकलाय,” तो म्हणाला. आवाज मऊ, समजुतीचा. “लेकरू हाय. मारू नको तिला.”

तिनं बादलीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. तिच्या भावाचं नाव त्यानं पोलिसांना दिलं, ते भेदरून दिलं असेल, असं ती दिवसभर मनाला समजावत आली होती. सबाचं नाव मात्र त्यानं अगदी शांतपणे घेतलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. खुर्शिदबी सबाला कडेवर घेऊन खाली आल्या. सबाच्या केसांना ताजं तेल लावलेलं, डोळे अर्धे मिटलेले. खुर्शिदबींनी बादली बघितली. त्यांना विचारायला लागलं नाही.

“कोण म्हणतं हिनं टाकला?”

“अम्मी,” इम्तियाज म्हणाला, “तुम्ही वर जावा.”

“सबा मघापासनं माझ्या मांडीवर हाय,” खुर्शिदबी म्हणाल्या. “तिचा पाय जमिनीला लागलेला न्हाई.”

७

तो लगेच कबूल झाला नाही. आधी तहमीनावर ओरडला, मग अजीमवर, मग कंपनीवर. खुर्शिदबी सबाला थोपटत नुसत्या ऐकत राहिल्या. त्यांच्या त्या गप्प बसण्यानंच तो शेवटी खाली बसला.

“रॅकं रिकामी पडली व्हती. अब्बांच्या पाटीखाली मी रिकामा बसायचो. पुण्यात एकानं किटं दाखवली, दिसायला तश्शीच. फक्त चौकोन पायजे व्हता, आन् तो कसा करायचा ते तुझं बघून कळलं व्हतं. खरा बॉक्स तेवढा एकच उरलेला, अब्बांचा. आतलं रबर कुचकं हाय हे मला म्हाईत न्हवतं, अल्लाकसम.”

“आणि अजीम?”

“त्याला काय, एकटा जीव. मागं बायको न्हाई, पोर न्हाई. मी आत गेलो असतो तर तुझं आन् सबाचं काय झालं असतं? मी तुमच्यासाठीच…”

“सबाचं नाव घेऊ नका,” तहमीना म्हणाली. “आज एकदा घेतलंत. बास.”

ती खुर्शिदबींच्या शेजारी भिंतीला टेकली. “अम्मी, तुम्हाला माहीत होतं?”

“ह्यो चौकोन-बिकोन मला कुठला म्हाईत.” म्हातारीनं डोळे पुसले नाहीत. “पर मी आई हाय त्याची. ह्याच्या अब्बांचं घड्याळ हरवलं तवा घरगड्याला काढलं आम्ही. घड्याळ निघालं ह्याच्या दप्तरात. तवा मी गप बसले. तुला स्पष्ट सांगायची माझी जीभ धजली न्हाई, बेटी. माझंच पोरगं हाय.”

तेव्हा कुठं तहमीनाला उमगलं की ईदेचा तो टोला माहेरच्या माणसाला नव्हताच.

सकाळी दोघी सासू-सुना ठाण्यात गेल्या. देशमान्यांच्या टेबलावर तहमीनानं दोन बॉक्स शेजारी-शेजारी ठेवले, लोबानाच्या वासाचा आणि वच्छलाबाईनं फेकलेला. कुठला कशावरून झाला, कधी झाला आणि तेव्हा कोण कुठं होतं, हे तिनं सांगितलं. फोनचं खुर्शिदबींनी सांगितलं. फौजदारांनी म्हातारीला विचारलं, “मावशी, मुलाविरुद्ध लिहून द्याल?” त्यांनी नकाबाआडून एवढंच विचारलं, “अंगठा चालंल का?”

इम्तियाजला नेलं तेव्हा त्यानं मागं वळून तहमीनाकडं बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. आश्चर्य होतं. ती असं काही करेल हे त्याच्या हिशेबातच नव्हतं, आणि तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

अजीम सुटला. ठाण्याबाहेर तिनं त्याचा हात धरला, पण त्यानं तो हळूच सोडवून घेतला.

“दुल्हाभाईनं नाव घेतलं, त्याचं मला एवढं वाटलं न्हाई, आपा. तू आल्या आल्या विचारलंस, तूच केलंस का. ते माझ्या कानातनं जात न्हाई.”

“अजीम…”

“जाईल हळूहळू,” तो म्हणाला. “आधी चल, ती किटं गोळा करू. कुठल्या गाडीत काय बसलंय कुणाला ठाऊक.”

हौशीरामना बहुतेक गिऱ्हाइकं तोंडओळखीनं माहीत होती. ते आणि अजीम मोटारसायकलवर निघाले. पाटस, कुरकुंभ, वरवंड, केडगाव. कुणी शिव्या घातल्या, कुणी चहा पाजला. प्रत्येकाच्या गाडीचं चाक उघडून नकली किट काढलं, खरं बसवलं. बिरदेवच्या दवाखान्यात तहमीना स्वतः गेली. वच्छलाबाईनं तिला आत येऊ दिलं, बसायला मात्र सांगितलं नाही. सबानं म्हातारीच्या बांगड्यांना हात घातला तेव्हा तिनं तो झिडकारला नाही, एवढंच.

सगळी किटं मिळाली. एक सोडून.

ते किट हौशीराम गावी असताना विकलं गेलं होतं. लॉकअपमध्ये इम्तियाजला विचारलं तर त्याला आठवलं ते एवढंच. नाव म्हाळू. काळी-पिवळी टमटम, यवतच्या बाजूची. घाईत होता, शाळेची पोरं सोडायची आहेत म्हणाला, आणि चौकोन बघून खूश होऊन गेला. अजीम यवतच्या स्टँडवर उभा राहून आला, भुलेश्वरच्या वाटेवर विचारून आला. एक म्हाळू मेंढरंवाला निघाला, दुसरा देवाला गेलेला, पण त्याच्याकडं टमटम नव्हतीच. टमटमवाला म्हाळू अजून सापडलेला नाही.

तहमीना रोज सकाळी सबाला दूध पाजते आणि रस्त्यावरून टमटम गेली की आत कोण बसलंय ते बघते. एकमेकांच्या मांडीवर बसलेली पोरं, खांद्याला दप्तरं, एखादं बाहेर लोंबकळणारं.

तिचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. यवतच्या बाजूला तुमचं जाणं-येणं असेल, कुणी पाहुणा-रावळा असेल, तर म्हाळू नावाच्या टमटमवाल्याची चौकशी करा. तो सांगेल, माल अस्सल हाय, चौकोन हाय त्याच्यावर. ऐकू नका. भांडण झालं तरी चालेल. पोरं खाली उतरवा आणि त्याला चाक उघडून बघायला लावा.